गाणी दुसऱ्यांची, कारकीर्द लुलूची

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत साठच्या दशकातील ब्रिटिश गायिकांवर आलेला लेख आवडीने वाचला. डस्टी स्प्रिंगफील्ड आणि पेटुला क्लार्क यांच्याविषयी लेखकाने जिव्हाळ्याने लिहिले आहे. मात्र त्याच लेखात लुलू या स्कॉटिश गायिकेची बोळवण एका छोट्या परिच्छेदात करण्यात आली आहे. तिने स्वतः गाणी लिहिली नाहीत, इतरांनी हाती दिली ती गायली आणि एका गाजलेल्या चित्रपटामुळे तिचे नशीब फळफळले, असा त्या परिच्छेदाचा एकंदर सूर आहे. हा सूर मला पटला नाही. तिच्या कारकिर्दीतील नोंदी नीट लावून पाहिल्या, तर गोष्ट बरीच वेगळी आणि अधिक रंजक दिसते, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

गायकाने स्वतःची गाणी स्वतः लिहिलीच पाहिजेत, ही अपेक्षा मुळात बीटल्स आणि बॉब डिलन यांच्या यशानंतर रूढ झाली. त्यापूर्वी लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्येही गीतकार, संगीतकार, प्रकाशक आणि गायक यांची कामे वेगवेगळी होती. कवीने लिहावे, संगीतकाराने चाल लावावी आणि गायकाने त्यात प्राण ओतावा, ही वाटणी तर आपल्या भावगीतांच्या परंपरेत इतकी मुरलेली आहे की, माणिक वर्मांना किंवा आशा भोसल्यांना ‘तुम्ही स्वतः का लिहीत नाही’ असे विचारण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. निदान मराठी वाचकांसमोर एखाद्या गायिकेला त्या मोजपट्टीने उणी ठरवण्याचे कारण नव्हते. गाणे दुसऱ्याचे असले, तरी ते कोणी निवडले, कशासाठी निवडले आणि निवडण्याच्या त्या प्रक्रियेत गाणारीला काही विचारले गेले का, हे प्रश्न लुलूच्या बाबतीत अधिक महत्त्वाचे आहेत.

लुलूचा जन्म ३ नोव्हेंबर १९४८ रोजी ग्लासगोजवळील लेनॉक्सटाउन येथे झाला. मारी लॉरी हे तिचे मूळ नाव. ग्लासगोच्या डेनिस्टन या कामगारवस्तीत ती वाढली. वडील मांसाच्या बाजारात कामाला होते आणि गळा त्यांनाही होता, असे ती सांगत आली आहे. शाळकरी वयातच ती स्थानिक बँडबरोबर क्लबांमधून गाऊ लागली. तेथेच ॲलेक्स हार्वे या ग्लासगोच्या गायकाच्या तोंडून तिने ‘शाउट’ ऐकले. हे गाणे मुळात आयस्ली ब्रदर्स या अमेरिकी कृष्णवर्णीय गटाचे, १९५९ सालचे. चर्चमधील प्रार्थनेत एकाने हाक द्यावी आणि इतरांनी ओ द्यावी, तशी त्याची बांधणी आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने ते उचलले, मॅरियन मॅसी या व्यवस्थापिकेने तिला लंडनला नेले आणि १९६४ मध्ये डेक्का कंपनीने ‘लुलू अँड द लव्हर्स’ या नावाने काढलेली तबकडी ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली.

ज्यांनी ही तबकडी ऐकली नसेल, त्यांनी निदान तिची सुरुवात ऐकावी. वाद्ये सुरू होण्याआधी लुलू ‘वेल’ हा एकच शब्द घेते आणि तो इतका लांबवते, त्याला अशी खरखरीत धार देते की, गाणारी मुलगी पंधरा वर्षांची आहे यावर विश्वास बसत नाही. आवाज फाटतो आहे असे वाटते, पण सूर जागचा हलत नाही. पुढे ज्या ठिकाणी गाणे एकदम दबक्या आवाजात उतरते आणि पुन्हा चढत जाते, तेथे तिची श्वासावरची पकड कळते. हे गाणे निवडले तिने स्वतः. कोणत्याही निर्मात्याच्या खोलीतून ते तिच्या पुढ्यात आले नव्हते. लेखकाला हे ठाऊक असते, तर ‘इतरांनी हाती दिली ती गायली’ हे वाक्य सरसकट लिहिले गेले नसते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘लीव्ह अ लिटल लव्ह’ (१९६५, आठवा क्रमांक) वगळता तिच्या फार थोड्या तबकड्या चालल्या. १९६६ मध्ये ती द हॉलीज या बँडबरोबर पोलंडचा दौरा करून आली. नंतर मिकी मोस्ट हा त्या काळचा सर्वांत यशस्वी निर्माता तिला मिळाला. द ॲनिमल्स, हरमन्स हर्मिट्स, डोनोव्हन ही त्याची मंडळी. गाणे कोणते घ्यायचे, किती वेगात घ्यायचे, तबकडीच्या कोणत्या बाजूला काय घालायचे, हे मोस्ट ठरवी. त्याच्या हाताखाली लुलूने नील डायमंडचे ‘द बोट दॅट आय रो’ सहाव्या क्रमांकावर नेले, ‘आय ॲम अ टायगर’ नवव्या क्रमांकावर नेले. विक्रीचे गणित म्हणून यात खोट काढता येणार नाही. पण ‘शाउट’ गाणाऱ्या गळ्याकडून लहान मुलांच्या वाढदिवसाला शोभतील अशी गाणी गाऊन घेतली गेली, हे माझे मत मी येथे नोंदवून ठेवतो.

आता ज्या चित्रपटामुळे तिचे नशीब फळफळले असे म्हटले आहे, त्याकडे वळतो. १९६७ साली जेम्स क्लॅव्हेल याने दिग्दर्शित केलेल्या ‘टू सर, विथ लव्ह’ मध्ये सिडनी पॉईटिए याने लंडनच्या ईस्ट एंडमधील शाळेत नव्याने आलेल्या शिक्षकाची भूमिका केली आणि लुलूने त्याच्या एका विद्यार्थिनीची. शीर्षकगीताचे शब्द डॉन ब्लॅक याचे आणि चाल मार्क लंडन याची. हा मार्क लंडन म्हणजे मॅरियन मॅसीचा पती. अमेरिकेत हे गाणे ऑक्टोबर १९६७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, पाच आठवडे तेथे राहिले आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या वार्षिक यादीत त्या वर्षीचे अव्वल गाणे ठरले. बीटल्सपासून मंकीजपर्यंत सगळे त्या यादीच्या स्पर्धेत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचा आकार कळतो.

परंतु हाच चित्रपट ब्रिटनमध्येही लागला होता, आणि तेथे हे गाणे यादीत आलेच नाही. कारण अगदी साधे आहे. ब्रिटनमध्ये ते ‘लेट्स प्रिटेंड’ या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला घालण्यात आले. त्या काळी रेडिओवर वाजे ती पुढची बाजू, दुकानदार सुचवी तीही पुढचीच. ‘लेट्स प्रिटेंड’ अकराव्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबले आणि तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठे गाणे तिच्याच देशात पालथे पडून राहिले. चित्रपट दोन्हीकडे एकच होता, आवाज एकच होता, ध्वनिमुद्रणही एकच होते. फरक पडला तो पुढची बाजू कोणती हे ठरवणाऱ्यांमुळे. मग याला नशीब म्हणायचे असेल, तर निम्मे नशीब कंपनीच्या कार्यालयात बसलेल्या माणसांनी लिहिले होते असे म्हणावे लागेल.

गाण्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. शाळा सोडताना एका मुलीने शिक्षकाला काय म्हणावे, असा साधा विषय आहे, आणि तो गाताना रडवेपणा आणणे सोपे होते. लुलू पहिल्या ओळी जवळजवळ बोलल्यासारख्या म्हणते. व्हायोलिनचा समूह वर चढू लागतो तेव्हाही ती लगेच त्याच्या मागे धावत नाही. शेवटाकडे आवाज मोकळा सोडते तो मोजक्याच जागी. तीन वर्षांपूर्वी जिने कंठ फाटेस्तोवर हाक दिली होती, तिने येथे गळा इतका आवरून धरला आहे, आणि त्या वेळी तिला एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

१९६८ पासून बीबीसीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातील ४ जानेवारी १९६९ चे प्रक्षेपण आजही आठवले जाते, ते मात्र पाहुण्यामुळे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने ‘हे जो’ सुरू केले, मध्येच थांबवले आणि नुकत्याच फुटलेल्या क्रीम या बँडला मानवंदना म्हणून त्यांचे गाणे वाजवायला घेतले. थेट प्रक्षेपणाची वेळ उलटून गेली तरी तो थांबला नाही. अशा कार्यक्रमाची यजमान असणे म्हणजे काय असते, याची कल्पना आपल्याकडील थेट मैफिलींचे निवेदन करणाऱ्यांना नक्की येईल. विषयांतर झाले, पण लुलू केवळ गोड दिसणारी मुलगी म्हणून तेथे उभी होती असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या काळात तिच्या मंचावर कोण येऊन गेले हे पाहावे.

याच कार्यक्रमात युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेसाठी ब्रिटनचे गाणे निवडले गेले. लुलूने सहा गाणी गाऊन दाखवली आणि प्रेक्षकांनी पोस्टकार्डे पाठवून कौल दिला. सहांमध्ये एक गाणे एल्टन जॉन आणि बर्नी टॉपिन या, तेव्हा कोणाला फारशा ठाऊक नसलेल्या जोडीचे होते. ते शेवटचे आले. पहिले आले ‘बूम बँग-अ-बँग’. त्याचे शब्द वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही, शीर्षकावरून वाचकांनी समजून घ्यावे. माद्रिदला २९ मार्च १९६९ रोजी हे गाणे जिंकले आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. लुलूने पुढे अनेकदा या गाण्याची थट्टा केली आहे. येथे मात्र निवड निर्मात्याची नव्हती, प्रेक्षकांची होती. लोकांनी तिच्या पदरात काय टाकले, हेही तिच्या कारकिर्दीच्या हिशेबात धरायला हवे.

त्याच वर्षी लुलूने मोस्टची साथ सोडली आणि अमेरिकेच्या अटलांटिक कंपनीशी करार केला. माझ्या मते तिच्या साऱ्या कारकिर्दीचा मध्यबिंदू येथे आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. जेरी वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन या तिघांनी तिला अलाबामा राज्यातील मसल शोल्सच्या स्टुडिओत नेले. हेच वेक्सलर १९६७ मध्ये अरिथा फ्रँकलिन या अमेरिकी गायिकेला घेऊन त्याच गावातील दुसऱ्या एका स्टुडिओत गेले होते आणि तेथून तिच्या कारकिर्दीला वळण लागले होते. लुलूच्या ‘न्यू रूट्स’ या ध्वनिमुद्रिकेत गिटारवर ड्युएन ऑलमन आहे. तालाची जागा मोकळी, वाद्ये मोजकी, आणि गाणारीला दम घ्यायला, शब्द मागे रेंगाळत ठेवायला भरपूर वाव. लंडनमध्ये तीन वर्षे घाईघाईने गायलेली हीच का ती, असा प्रश्न पडावा इतका फरक आहे.

त्यातील ‘ओ मी ओ माय’ हे गाणे ऐकावे. आपण प्रेमात मूर्ख ठरलो आहोत हे सांगणारी नायिका त्यात आहे आणि लुलू ते हसू आवरत म्हटल्यासारखे म्हणते, दुःख शेवटच्या काही आवर्तनांसाठी राखून ठेवते. अमेरिकेत गाणे बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेले, ब्रिटनमध्ये सत्तेचाळिसाव्या. ध्वनिमुद्रिकेला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. त्यानंतर मायामीत ध्वनिमुद्रित झालेली ‘मेलडी फेअर’ हीसुद्धा तशीच गेली. परंतु १९७२ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात अरिथा फ्रँकलिनने याच ‘ओ मी ओ माय’ने केली. एका गायिकेच्या निवडीला याहून मोठी पावती कोणती असू शकेल, ते लेखकानेच सांगावे. तिचे सर्वांत चांगले काम आणि तिचे सर्वांत गाजलेले काम या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि पुरवणीतील लेख केवळ दुसऱ्या यादीवरून लिहिला गेला आहे.

१९७४ मध्ये डेव्हिड बोवीने तिच्यासाठी स्वतःचेच ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ हे १९७० चे गाणे नव्याने बांधले. बोवीच्या आवाजात ते तोवर फारसे कोणाच्या कानावर गेले नव्हते. निर्मिती बोवी आणि मिक रॉन्सन यांची, सॅक्सोफोन बोवीचा. कोट आणि टोपी घातलेली, चेहरा निर्विकार ठेवून गाणारी लुलू दूरचित्रवाणीवर आली आणि गाणे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ते यश पाहून तिला त्याच वर्षीच्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या बॉण्डपटाचे शीर्षकगीत मिळाले असावे, असा माझा अंदाज आहे. शब्द पुन्हा डॉन ब्लॅकचे, चाल जॉन बॅरीची. आपल्या लेखात तिचे दुसरे मोठे यश म्हणून या गाण्याचा गौरव झाला आहे, तो मात्र अनाठायी आहे. ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या मुख्य यादीत आले नाही, आणि खुद्द बॅरीलाही ते आवडत नव्हते. शर्ली बॅसीच्या बॉण्डगीतांशी तुलना करू पाहणाऱ्याची निराशाच होईल. लुलू त्यात सगळा जोर लावते, पण गाण्यातच दम नाही.

त्यानंतरची जवळजवळ दोन दशके मी थोडक्यात उरकतो, कारण संगीताच्या दृष्टीने ती विरळ आहेत. लंडनच्या रंगभूमीवर पीटर पॅन, दूरचित्रवाणीवरील मालिका, जाहिराती, सूत्रसंचालन असे सगळे तिने केले. १९८१ मध्ये एक गाणे अमेरिकेत अठराव्या क्रमांकावर गेले, १९८६ मध्ये ‘शाउट’ नव्याने ध्वनिमुद्रित करून तिने ते आठव्या क्रमांकावर नेले. गाण्यावर पोट भरणाऱ्या बाईला चाळिशीकडे झुकल्यावर पडद्यावरची आणि मंचावरची कामे घ्यावी लागतात, हे लंडनला जितके खरे तितकेच मुंबईलाही.

१९९३ हे वर्ष मात्र सविस्तर सांगायला हवे. त्या वर्षी टीना टर्नरने गायलेले ‘आय डोन्ट वॉना फाइट’ हे गाणे अमेरिकेत नवव्या आणि ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेले. ते लिहिणाऱ्या तिघांत लुलू आहे. उरलेले दोघे म्हणजे तिचा भाऊ बिली लॉरी आणि स्टीव्ह ड्यूबेरी. संसाराची घडी मोडत असताना आता भांडणही नको, असे शांतपणे म्हणणारी ती बाई टीना टर्नरच्या चरित्रपटात चपखल बसली. लुलूचा स्वतःचा दुसरा घटस्फोट १९९१ चा. या दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही, पण ‘तिने गाणी लिहिली नाहीत’ हे विधान मागे घ्यायला हे एकच उदाहरण पुरे आहे. पुढे २०१५ मध्ये आलेल्या ‘मेकिंग लाइफ ऱ्हाइम’ या ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गाणी तिने भावाच्या आणि इतरांच्या साथीने स्वतः लिहिली. तेव्हा ती ६६ वर्षांची होती.

त्याच १९९३ च्या ऑक्टोबरात टेक दॅट या तरुण मुलांच्या गटाने ‘रीलाइट माय फायर’साठी तिला बोलावले. गाण्याच्या मधोमध तिचा प्रवेश होतो. पाच पोरांचे गुळगुळीत, एकसारखे आवाज चाललेले असताना अचानक तोच जुना, घोगरा, ग्लासगोच्या क्लबांत कमावलेला आवाज आत शिरतो आणि पुढचा सगळा भाग तिच्या मालकीचा होऊन जातो. ब्रिटनच्या यादीत हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि मायदेशातील हा तिचा पहिलावहिला पहिला क्रमांक होता. ‘शाउट’ला तेव्हा २९ वर्षे झाली होती. २००२ मध्ये रोनान कीटिंगबरोबरचे तिचे युगुलगीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले आणि त्यामुळे साठच्या दशकापासून सलग पाच दशकांत तिची गाणी यादीत राहिली. २००० मध्ये तिला ओबीई आणि २०२१ मध्ये सीबीई हे किताब मिळाले. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या समारोपात, आपल्याकडेही ज्याचे प्रक्षेपण झाले, हॅम्पडन पार्क मैदानावर ‘शाउट’ गात सुरुवात करून देणारी बाई हीच.

लेखात डस्टी स्प्रिंगफील्डच्या मेम्फिसमधील ध्वनिमुद्रणाला दीड स्तंभ दिला आहे आणि तो योग्यच आहे. पण ते आणि लुलूचे मसल शोल्स यांमध्ये जेमतेम वर्षभराचे अंतर आहे, कंपनी तीच आहे आणि वेक्सलर, डाउड, मार्डिन हे निर्मातेही तेच तिघे आहेत. एकीला दर्दी गायिका म्हणायचे आणि दुसरीला नशीबवान म्हणायचे, याला तिकीटबारीखेरीज दुसरा आधार मला सापडत नाही; आणि डस्टीची ती ध्वनिमुद्रिकाही सुरुवातीला फारशी विकली गेली नव्हती.

शेवटी दोन चुका आपल्या नजरेस आणून देतो. पुढच्या रविवारी त्यांची दुरुस्ती छापावी, ही विनंती. पहिली, १९६९ ची युरोव्हिजन स्पर्धा लुलूने ‘निर्विवादपणे’ जिंकली, असे लेखात म्हटले आहे. प्रत्यक्षात ब्रिटन, स्पेन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांना प्रत्येकी १८ गुण मिळाले आणि बरोबरी सोडवण्याचा नियमच नसल्यामुळे चौघेही विजेते जाहीर झाले. दुसरी, ‘रीलाइट माय फायर’ हे टेक दॅटचे गाणे असल्याचे छापले आहे. ते डॅन हार्टमनचे, १९७९ सालचे आहे. आणि त्यात लुलूने जी जागा घेतली, ती मूळ ध्वनिमुद्रणात लोलिएटा हॉलोवे या अमेरिकी गायिकेची होती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)